चमचा वाजला नाही

कारखान्यात त्यांना तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘कात्री’. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या नावाचा त्यांना मनातून अभिमानच होता. टाइपिस्ट म्हणून आल्या तेव्हा अंगानं नुसती काडी, आवाज असा की शेजारच्या टेबलालाही ऐकू जाऊ नये. तिथून त्या हिशेबखात्याच्या प्रमुख झाल्या, त्या कुणाच्या पुढं पुढं करून नव्हे. खोटं बिल दिसलं की ते मोठ्या मालकांच्या सहीचं का असेना, बाई ते उचलून सरळ त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवत आणि म्हणत, “हे तुमचं. माझ्याकडं चुकून आलं.” मोठे मालक हसून फाडून टाकत. इतरांना हसू यायचं नाही.

बाईंचे वडील शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. गल्लीतल्या प्रत्येकाचा कपडा सांगितल्या दिवशी तयार, आणि स्वतःच्या लेकीच्या फ्रॉकच्या बाह्या आखूड होत होत कोपरावर आल्या तरी तिचा नंबर लागायचा नाही. आई कुरकुरली की ते म्हणत, “गिऱ्हाइकाचं आधी. घरचं माणूस काय पळून जातंय?” लेकीला राग यायचा. शाळेत ती दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहायची. पण गल्लीत वडिलांना जो मान होता तो तिनं पाहिला होता, आणि नकळत तिच्या डोक्यात पक्कं बसलं की माणूस किती सरळ आहे हे तो आपल्या माणसांना किती मागं ठेवतो यावरून ओळखायचं. या बाह्या ध्यानात असू द्या. पुढचा सगळा घोटाळा त्यांच्यापासूनच सुरू होतो.

कारखाना शाळांसाठी टेबलं आणि खुर्च्या बनवायचा. दोन लांब शेड. एकात टेबलखातं, तिथं लाकूड आणि सुतार. दुसऱ्यात खुर्चीखातं, तिथं लोखंडी पाइप, वेल्डिंग आणि मिस्त्री. दोन्हींच्या मधे पत्र्याखाली एक लांबच लांब जेवणाचं टेबल, आणि त्याच्या टोकाला स्वयंपाकघर. दुपारची घंटा झाली की मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्या एका टेबलाशी जेवायचे, आणि कुणाची जागा ठरलेली नसायची. ही मोठ्या मालकांची पद्धत. त्यांचा कागदावर फारसा विश्वास नव्हता. “कागद हरवतो,” ते म्हणायचे, “माणूस मात्र जेवायला येतोच.”

म्हणून कामात काही बदल असला, माप बदललं, रंग बदलला, एखाद्या शाळेनं घाई केली, तर तो या टेबलावरच सांगायचा. ज्याला सांगायचं त्यानं चमच्यानं ताट वाजवायचं. ताट वाजलं की तोंडातला घास तोंडात ठेवून सगळे तिकडं बघत. बदल सांगून झाला की खुर्चीखात्यानं म्हणायचं, “कळलं.” टेबलखात्यानं म्हणायचं, “कळलं.” की परत जेवण सुरू. नवा माणूस आला की त्याला हे बघून हसू आवरायचं नाही, आणि आठवड्याभरात तोही गंभीर चेहऱ्यानं “कळलं” म्हणायला लागायचा. मोठे मालक गेल्यावर ताट वाजवायचं काम ऑफिसातल्या फोनवाल्या कारकुनाकडं आलं. बाईंनी मात्र इतक्या वर्षांत एकदाही ताट वाजवलं नव्हतं. हिशेबखात्याकडं सांगण्यासारखा बदल तो काय असणार!

आणि त्या स्वयंपाकघरात होत्या आत्या.

आत्या म्हणजे बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. लवकर विधवा झाल्या आणि एक ट्रंक घेऊन भावाकडं राहायला आल्या. दारातच त्यांनी सांगून टाकलं होतं, “राहीन, पण आयतं खाणार नाही.” मोठ्या मालकांना स्वयंपाकाला माणूस हवं होतं, बाईंनी शब्द टाकला, आणि आत्या कामाला लागल्या. बाईंची मुलं त्यांना आत्या म्हणत म्हणून सगळा कारखानाच आत्या म्हणायला लागला. त्यांच्याहून वयानं मोठा असलेला सुतारसुद्धा. पगाराच्या दिवशी आत्या घरी आल्या की न बोलता भावजयीच्या हातात घरखर्चाचा वाटा ठेवत आणि मगच पाय धूत. दिसायला ओबडधोबड, बोलायला फटकळ, पण कुणी गप्पांत रंगून ताट विसरला की मागून येऊन म्हणत, “जेव आधी. गार होतंय.” मालकालाही तेच, हमालालाही तेच. घरी बाई ऑफिसचं काम घेऊन बसल्या की त्यांनाही तेच.

मोठे मालक गेले, धाकटे मालक गादीवर आले आणि त्याच सुमारास कारखान्याला उतरती कळा लागली. बाजारात प्लॅस्टिकच्या स्वस्त खुर्च्या आल्या. सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं. बँकेचे साहेब पूर्वी चहा घेऊन जायचे, ते आता चहा न घेता बसून राहू लागले. धाकटे मालक वाईट माणूस नव्हते, पण घाबरले होते. त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“बाई, खर्चाचा तिसरा हिस्सा कमी झाला नाही तर वर्ष निघत नाही. बँकेनं स्पष्ट सांगितलंय. कुठं कापायचं ते तुम्ही ठरवा. मी मधे पडणार नाही.”

“कुणाची भीड ठेवायची नाही?”

“नाही.”

“तुमचीसुद्धा?”

धाकट्या मालकांनी मान हलवली. दुसऱ्याच दिवशी त्यांची मोटार विकायला निघाली.

बाईंनी कापायला सुरुवात केली, आणि त्यांना नाव ठेवायला जागा नव्हती. भाड्यानं घेतलेलं गोदाम अर्धं रिकामं असायचं, ते सोडलं. दोन ट्रकचं काम एकावर आणून दुसरा विकला. लाकडाचे तुकडे जळणात जायचे, त्यांच्या पट्ट्या करून खुर्चीच्या पाठीला लावल्या. कुणी विकत न घेणाऱ्या चार प्रकारच्या टेबलांचं उत्पादन थांबवलं. ती टेबलं सुताराच्या जिवाची होती, तो दोन दिवस तोंड फुगवून बसला, पण शेवटी त्यालाही पटलं. यात कुणाची नोकरी गेली नाही. कारखान्यानं जरा श्वास घेतला, बँकेच्या साहेबांनी चहा घेतला.

पण तिसरा हिस्सा अजून भरत नव्हता. आता माणसांवर येणार हे सगळ्यांना दिसत होतं. जिन्यात, नळावर, फाटकात कुजबुज सुरू झाली. आणि एक दिवस फाटकातून बाहेर पडताना बाईंच्या कानावर पडलं, “आपल्यावर चालेल कात्री. नणंदेला कोण हात लावतोय!”

कुणाचा आवाज होता ते त्यांनी वळून पाहिलं नाही. घरी जाईपर्यंत कान गरम होते. ज्या बाईनं मालकाची मोटार विकली, तिला लोक असं बोलतात! त्या संध्याकाळी त्या नीट जेवल्या नाहीत. आत्या मागून म्हणाल्याच, “जेव, गार होतंय.”

सकाळी बाईंनी धाकट्या मालकांना सांगितलं की स्वयंपाकघर बंद करायचं. माणसं घरून डबे आणतील. मालक चपापले. “पण त्या तुमच्या घरच्या...”

“म्हणूनच,” बाई म्हणाल्या. “घरचं आधी कापलं की बाहेरच्यांना बोलायला जागा राहत नाही.”

मालकांना हे फार थोर वाटलं. बाईंनाही वाटलं. गोदामाच्या वेळी त्यांनी महिनाभर आकडे मांडले होते, ट्रकच्या वेळी रोजच्या फेऱ्या मोजल्या होत्या. स्वयंपाकघराच्या वेळी त्यांनी कागद पुढ्यात घेतलासुद्धा नाही.

आत्यांना त्यांनी स्वयंपाकघरातच जाऊन सांगितलं. आत्या कणीक मळत होत्या. हात थांबला.

“बरं,” आत्या म्हणाल्या. “किल्ली कुणाकडं देऊ?”

बाईंनी आदळआपटीची तयारी ठेवली होती, या प्रश्नाची नाही. “द्या माझ्याकडं,” त्या म्हणाल्या. आत्यांनी हात धुतले, पदराला पुसले, किल्ली दिली आणि मळलेल्या कणकेवर ओलं फडकं टाकलं. ती कणीक त्या दिवशी शेवटची लाटली गेली.

फाटकातली कुजबुज खरंच थांबली. लोक बाईंना वाट करून द्यायला लागले. नणंदेला काढणाऱ्या बाईशी कोण वाद घालणार? तिसरा हिस्सा कसाबसा भरला, आणि वर एक सोन्यासारखी ऑर्डर आली. एका मोठ्या शाळेला सगळ्या वर्गांची टेबलं-खुर्च्या नवीन हव्या होत्या. ती वेळेवर गेली की कारखाना तरला. हातची गेली तर खुर्चीखातं बंद करावं लागेल, हे धाकट्या मालकांनी सगळ्यांना सांगून ठेवलं.

घरी मात्र काहीतरी बिघडलं होतं. आत्या भांडल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. त्या भांडल्या नाहीत. स्वयंपाक करत, वाढत, मुलांची विचारपूस करत. पण सकाळचा दुसरा कप चहा त्यांनी बंद केला. मग पहिलाही अर्धा झाला. “नको, जळजळतं,” म्हणाल्या. त्यांच्या खोलीतला दिवा आधी उजेड असेपर्यंत लागेनासा झाला, मग अंधार पडल्यावरही लागेनासा झाला. ताटात पूर्वी जेवढं घेत त्याच्या निम्मं घेऊ लागल्या, तेही सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याशी उभ्यानं. पगाराच्या तारखेला संध्याकाळी त्या उगीचच नातेवाइकांकडं जाऊन बसल्या. बाईंनी कारखान्यात जे केलं होतं, तेच आत्या घरात स्वतःवर करत होत्या.

आणि ‘जेव, गार होतंय’ हे त्या बाईंना म्हणेनाशा झाल्या. नवऱ्याला म्हणत, मुलांना म्हणत. बाईंच्या पुढ्यात ताट ठेवलं की पाठ फिरवून निघून जात.

नवरा बिचारा दोघींमधे अडकला होता. एकदा त्यानं धीर करून विचारलं, “ताईला काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं का?”

“नव्हतं,” बाई म्हणाल्या. एवढ्या चटकन म्हणाल्या की त्यांचं त्यांनाच खटकलं.

कारखान्यात डबे आले. सुरुवातीला काही जण सवयीनं लांब टेबलाशी बसले, पण नुसत्या टेबलावर डबा उघडून बसायला बरं वाटेना. हळूहळू सुतार आपल्या रंध्याशेजारी जेवू लागला, मिस्त्री वेल्डिंगच्या पडद्यामागं, कारकून फोनपाशी. ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा. घंटा वाजवायचं कारण उरलं नाही. अर्ध्या तासाची जेवणं दहा मिनिटांत उरकू लागली आणि बाईंना तो वाचलेला वेळही फायद्यातच दिसला. लांब टेबलावर हळूहळू रंगाचे डबे आणि पाइपचे तुकडे ठेवले जाऊ लागले.

अशातच त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. आधी सांगितलेलं माप लहान मुलांचं होतं, चूक त्यांच्याकडचीच होती. वर्ग मोठ्या मुलांचे होते, तेव्हा टेबलं आणि खुर्च्या दोन्हींची उंची वाढवा. कारकुनानं माप नीट लिहून घेतलं, उठून टेबलखात्यात गेला आणि सुताराला सांगितलं. सुतार म्हणाला, “कळलं.” कारकून परत येऊन फोनपाशी बसला. त्याच्या लेखी काम झालं होतं. उभ्या नोकरीत त्यानं कुठलाही बदल कधी दोनदा सांगितला नव्हता. एकदा बोललं की सगळ्यांना कळतं, हीच त्याची सवय. सुतारालाही वाटलं नाही की पलीकडं जाऊन सांगावं. तसं त्यानं कधी केलंच नव्हतं. मिस्त्री तर निवांत खुर्च्यांचे पाय कापत होते, लहान मुलांच्या मापाचे.

माल भरायच्या दिवशी हमालांनी आवारात पहिले जोड मांडले. एक हमाल दम खायला म्हणून खुर्चीत बसला आणि पुढं टेबल ओढून घेतलं. टेबलाची कड त्याच्या हनुवटीला टेकली. तो तसाच बसून राहिला, ताटावर मुंडकं ठेवल्यासारखा. आधी सगळे पोट धरून हसले. मग एकाएकी कुणीच हसेना.

बाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, खुर्चीत बसल्या. हनुवटी टेबलावर. दुसऱ्या जोडावर बसल्या. हनुवटी टेबलावर. एवढी मोठी बाई, केस पिकत आलेली, टेबलावर नुसतं तोंड काढून सगळ्यांकडं बघत होती, आणि त्यांना आपली ती शाळा आठवली, हात पाठीमागं बांधून उभं राहायची.

धाकटे मालक पांढरे पडले. “खुर्चीखात्याला कुणी सांगितलं नाही?”

कारकून म्हणाला, “मी सांगितलं होतं.”

“कुणाला?”

कारकुनानं सुताराकडं पाहिलं. सुतारानं मिस्त्रींकडं. मिस्त्री कुणाकडंच बघेनात. हातातल्या टोपीची कड कुरतडत ते म्हणाले, “चमचा वाजला नाही, बाई.”

सगळ्यांची नजर त्या लांब टेबलाकडं गेली आणि तिथून, नाइलाजानं, बाईंकडं.

शाळेकडून मुदत वाढवून मिळाली. चूक मुळात तिकडची होती म्हणून मुख्याध्यापिका दोन पावलं मागं आल्या. प्रत्येक खुर्चीच्या पायाला खालून पाइपचा जोड द्यायचा, घासायचं, परत रंगवायचं. सगळ्यांनी मिळून, दोन्ही खात्यांनी, एकमेकांना विचारत करायचं, तरच होण्यासारखं. बाई आपल्या खोलीत गेल्या, कडी लावली आणि जे तेव्हा केलं नव्हतं ते आता केलं. स्वयंपाकघराचा हिशेब मांडला. धान्य, जळण, आत्यांचा पगार. वर्षाचं स्वयंपाकघर या एका चुकीहून स्वस्त होतं. आणि माणसांनी आपल्या जेवणाच्या खर्चाचा थोडा वाटा दिला असता तर ते कुणाला जडही गेलं नसतं. हे त्या बसल्या बैठकीला काढू शकल्या असत्या. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

धाकटे मालक म्हणाले, “माणसं जास्तीचं थांबणार, बाहेरून जेवण मागवू या.”

“नको,” बाई म्हणाल्या. “मी घरी विचारून बघते.”

बाई घरी आल्या तेव्हा आत्या खिडकीजवळ बसून भाजी निवडत होत्या. दिवा लावलेला नव्हता, पण अजून थोडा उजेड होता. बाई पिशवी न ठेवताच त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या.

“वन्सं, कारखान्यात चूक झालीय.”

“कळलं मला. मिस्त्रींची बायको भेटली होती.”

“स्वयंपाकघर परत सुरू करायचंय. तुम्ही याल?”

आत्यांनी एक काडी मोडली, बाजूला टाकली. “एक विचारू? खरं सांगशील?”

“विचारा.”

“मला काढलंस ते मी परवडत नव्हते म्हणून, की मी तुझ्या घरातली होते म्हणून?”

बाईंच्या जिभेवर उत्तर आलं होतं, जे नवऱ्याला दिलं होतं तेच. ते त्यांनी गिळलं. “घरातल्या होता म्हणून,” त्या म्हणाल्या. “लोक बोलत होते. मला ते सहन होईना.”

“हं.” आत्यांनी निवडलेली भाजी बाजूला सारली. “तुला वाटलं, लोकांचं तोंड बंद झालं. झालं, तुझ्यापुरतं. माझ्याबद्दल काय बोलतात, ठाऊक आहे? भाजीवाली मला वजन करून देताना दोनदा बघते. सख्ख्या भावजयीनं काढलं म्हणजे काहीतरी असणारच, म्हणतात. हात मारत असेल. डबे भरून घरी नेत असेल. नाहीतर अशी कात्रीसारखी सरळ बाई स्वतःच्या नणंदेला उगाच काढेल का?”

हे त्यांच्या कानावर कधी आलं नव्हतं. त्यांच्या कानावर आता काही येतच नव्हतं; त्या दिसल्या की लोक गप्प होत.

“मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? घरात खाते तुमचंच.” आत्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. “मी कधी तिथली मिठाची चिमूट घरी आणली नाही गं. तुझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून उरलेलं सुद्धा वाटून टाकायचे.”

बाईंना रडू कोसळलं. आत्यांनी त्यांना रडू दिलं, जवळ घेतलं नाही. मग उठून दिवा लावला.

“येईन मी,” त्या म्हणाल्या. “पण मागल्या दारानं येणार नाही. काढलंस तेव्हा कारण सांगितलं नव्हतंस, आता सांग. मला नको, मला कळलं. त्यांना सांग.”

बाईंपाशी होतं काय? पैसा नव्हता, रूप नव्हतं, गोड बोलणं नव्हतं. ‘कात्री हिशेबानं चालते’ एवढी एकच कमाई होती, तीच आपल्या हातानं सगळ्यांसमोर मोडायची होती.

दुसऱ्या दिवशी लांब टेबलावरचे रंगाचे डबे हलले. सुतारानं न सांगता टेबल रंध्यानं साफ करून दिलं, मिस्त्रींनी डगमगणारा पाय ठोकला. आत्या पुढच्या फाटकातून आल्या, बाईंच्या बरोबरीनं चालत. बाईंनी किल्ली पर्समधून काढून त्यांच्या हातात दिली. दुपारी घंटा झाली आणि सगळे जेवायला बसले. इतक्या दिवसांनी एकत्र बसल्यानं जरा अवघडल्यासारखे होते, एकमेकांना उगाच मीठ दे, पाणी दे करत होते. आत्या वाढत होत्या, पण कुणाला काही बोलत नव्हत्या. टेबलाच्या त्या टोकाला दोघं-चौघं त्यांच्याकडं चोरून बघत होते, ते बाईंना दिसलं.

बाईंनी चमचा उचलला. ताट एकदाच्या ऐवजी तीन-चारदा वाजलं.

सगळे थांबले. कारकुनाचा हात सवयीनं स्वतःच्या चमच्याकडं गेला होता, तो तिथंच राहिला. आत्या पातेलं घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

“एक बदल सांगायचाय,” बाई म्हणाल्या. आवाज टाइपिस्ट होत्या तेव्हासारखा निघाला, म्हणून त्यांनी घसा साफ करून परत सुरुवात केली. “तुम्ही सगळे समजता की मी हिशेब करून कापते. गोदाम हिशेब करून सोडलं. ट्रक हिशेब करून विकला. या स्वयंपाकघराचा हिशेब मी केलाच नव्हता. आत्या माझ्या नणंद आहेत म्हणून बंद केलं. माझ्याकडं कुणी बोट दाखवू नये म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. त्यांच्या हातून इथलं कधी काही इकडचं तिकडं झालेलं नाही. कुणी वेगळं ऐकलं असेल तर ते चुकीचं आहे, आणि ते माझ्यामुळं पसरलं. चूक माझी होती. खुर्च्यांचीसुद्धा.”

पुढं काय म्हणायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. धाकटे मालक ताटाकडं बघत होते. पत्र्यावर कुठला तरी पक्षी चालत होता, त्याच्या पायांचा आवाज येत होता.

मग मिस्त्रींनी मान वर केली. नेहमीच्या, मापाचा बदल ऐकल्यासारख्या आवाजात ते म्हणाले, “कळलं.”

सुतारानं टेबलाच्या त्या टोकाला चोरून बघणाऱ्यांकडं एकदा नजर टाकली. “कळलं,” तोही म्हणाला.

हळूहळू चमचे हलू लागले. कुणीतरी वेल्डिंगच्या कांड्यांचं विचारलं, कुणीतरी उत्तर दिलं. बाई मात्र हातात चमचा धरून तशाच बसल्या होत्या. ताटाकडं बघायचा त्यांना धीर होत नव्हता. एवढ्यात खांद्यामागं पातेल्याची ऊब आली, ताटात डावभर पडलं, आणि वर तो फटकळ आवाज, सगळ्यांना ऐकू जाईल असा:

“जेव गं आता. गार होतंय.”